उत्तर चुकण्याची मुभा

२०२५ च्या जूनअखेरीस 'लॉर्ड ऑफ द मिस्टरीज' या चिनी वेब-कादंबरीवरची ॲनिमेशन मालिका सुरू झाली आणि एक जुना वाद पुन्हा पेटला. कादंबरीचा पहिला खंड २१३ प्रकरणांचा, तो १३ भागांत बसवलेला. नव्या प्रेक्षकांना काही उमगेना. जुन्या वाचकांनी त्यांना 'आधी पुस्तक वाचा' असं सुनावलं, आणि ज्यांनी खरंच पुस्तक उघडलं त्यांतल्या अनेकांनी पन्नास-शंभर प्रकरणांत 'किती हा पाल्हाळ' म्हणून ते मिटलं. भांडण तिथेच अडकून बसलं आहे. एक बाजू म्हणते, चिनी वेब-साहित्याचा हा कळस. दुसरी म्हणते, अक्षरामागे पैसे मिळतात म्हणून फुगवलेला हा माल. दोघेही लांबीच मोजत आहेत. नायक ज्या विद्येवर जगतो, ती शकुन पाहण्याची विद्या कादंबरीत कशी वापरली आहे, हे मात्र कुणी तपासत नाही. माझ्या मते या कादंबरीचं मोठेपण आणि तिची घसरण, दोन्हींचं मूळ तिथेच आहे. शकुनाचा अर्थ लावताना माणूस चुकू शकतो तोवर ही कादंबरी असामान्य आहे. चूक फक्त 'समोरचा आपल्याहून बलवान निघाला' एवढ्याच कारणाने होऊ लागते, तेव्हा ती एक चांगली, पण चारचौघींसारखी साहसकथा होते. (पुढे कथानकातली वळणं उघड होणार आहेत.)

आधी थोडा तपशील. लेखकाच्या टोपणनावाचा अर्थ 'बुड्या मारायची आवड असलेली माकुली' असा आहे. कादंबरी चीदियान या संकेतस्थळावर एप्रिल २०१८ ते मे २०२० या काळात रोजच्या रोज प्रसिद्ध झाली. मुख्य कथेची प्रकरणं १३९४, चिनी अक्षरं ४४ लाखांच्या आसपास. आजच्या चीनमधला झोउ मिंगरुई नावाचा तरुण नशीब पालटण्याचा एक जुना विधी करतो. खोलीच्या चार कोपऱ्यांत मुख्य अन्नाचे चार वाटे ठेवायचे, घड्याळाच्या उलट दिशेने चार पावलं टाकून चौकोन पुरा करायचा, प्रत्येक पावलाला एक नामोच्चार करायचा. त्यानंतर तो जागा होतो तो क्लाइन मोरेटी नावाच्या मृत तरुणाच्या देहात, व्हिक्टोरियन इंग्लंडसारख्या एका जगात. तिथे गॅसचे दिवे आहेत, वाफेची यंत्रं आहेत, २० सोलींचा पौंड आणि १२ पेन्सची सोली आहे. अलौकिक शक्तीचे २२ मार्ग आहेत, प्रत्येक मार्गाला नवव्या पायरीपासून शून्यापर्यंत दहा पायऱ्या, आणि दर पायरीला एक काढा प्यायचा. क्लाइन ज्या मार्गाला लागतो त्याच्या पहिल्या काढ्याची कृती एखाद्या वैद्याच्या वहीत शोभावी अशी आहे: १०० मिली शुद्ध पाणी, एका वनस्पतीच्या रसाचे १३ थेंब, सोनेरी पुदिन्याची ७ पानं, विषारी हेमलॉकचे ३ थेंब वगैरे. काढा पचवायचा तर त्या पायरीच्या नावाला साजेसं वागावं लागतं. म्हणून क्लाइन शहरातल्या शकुन-मंडळात जाऊन बसतो आणि पैसे घेऊन लोकांचं भविष्य पाहू लागतो.

इथेच कादंबरीचं पहिलं बळ दिसतं. शकुन म्हणजे दिव्य दृष्टी असा सोपा रस्ता लेखकाने घेतलेला नाही, त्याने ती कारागिरी मानली आहे. क्लाइन आधी कागदावर एक विधान लिहितो. मग डाव्या हातात चांदीची साखळी, तिच्या टोकाला टोपाझचा खडा. डोळे मिटून, मन स्थिर करून ते विधान सात वेळा म्हणायचं. लोलक घड्याळाच्या दिशेने फिरला तर होकार, उलटा फिरला तर नकार, आणि फेऱ्याचा आवाका व वेग पाहून तो होकार किती ठाम हे ठरवायचं. माणूस किंवा वस्तू शोधायची असेल तर हातातली छडी उभी करून सोडायची आणि ती पडेल त्या दिशेला निघायचं. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर विधान म्हणत म्हणत झोपेत शिरायचं आणि स्वप्नात दिसलेल्या चित्राचा अर्थ लावायचा. यातली प्रत्येक पायरी चुकू शकते. हाती माहिती कमी असेल तर उत्तर धूसर येतं. विधान मोघम असेल तर उत्तर खरं येऊनही निरुपयोगी ठरतं. चित्र बरोबर दिसतं, अर्थ चुकतो. कोकणात-गोव्यात देवळात कौल लावताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. मूर्तीवर लावलेली पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार, पण गुरवाचं सगळं कसब गाऱ्हाणं कसं मांडायचं यातच असतं. 'मुलाचं लग्न होईल का' आणि 'या स्थळी होईल का' या दोन प्रश्नांना एकच पाकळी वेगवेगळं उत्तर देते.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा इथे एक घोटाळा होतो. इंग्रजी अनुवादात क्लाइनच्या या पहिल्या पायरीचं नाव 'सीअर' आहे, म्हणजे ज्याला दिसतं तो, आपल्या भाषेत द्रष्टा. मूळ चिनी शब्द 'झानबूज्या', म्हणजे शकुन पाहण्याचं काम करणारा. त्यातलं 'बू' हे अक्षर पाहण्यासारखं आहे: एक उभी रेघ आणि तिला फुटलेला छोटा फाटा. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी शांग राजवटीत कासवाच्या पोटाकडच्या कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला मागून खळगे पाडत, त्यांत तापलेला निखारा टेकवत, आणि पुढच्या बाजूला जो तडा जाई त्यावरून शकुन वाचत. हे अक्षर म्हणजे त्या तड्याचंच चित्र. 'झान' या अक्षरात त्याच तड्याखाली तोंड काढलेलं आहे: तडा, आणि त्यावर बोलणारं तोंड. नाव तडा वाचणाऱ्याचं आहे आणि वाचक द्रष्ट्याची अपेक्षा धरून बसतो. मग सुरुवातीच्या प्रकरणांतली विधानं, कागद, पुन्हा विधानं हा सगळा पाल्हाळ वाटला तर नवल नाही. पण तोच तर कथेचा विषय आहे.

चीनमधला एक आक्षेप मात्र वजनदार आहे. चिनी लेखकाने शकुनावर कादंबरी लिहावी आणि तीत टॅरोची पानं (भविष्य पाहण्याचे युरोपीय चित्रपत्ते), लोलक नि छडी असावी, यीजिंग हा रेघांच्या आकृत्यांवरून शकुन सांगणारा प्राचीन चिनी ग्रंथ मात्र जवळपास नसावा, हे कसं? गॅसच्या दिव्यांचं जग निवडल्यावर साधनं तिथलीच येणार, हे उत्तर पुरं पडत नाही, कारण नायक चिनी आहे आणि त्याचा पहिलाच विधी चिनी आहे. तरीही मला वाटतं, साधनं परकी असली तरी हिशेब ठेवण्याची रीत अस्सल चिनी आहे. शांगांची राजधानी जिथे होती त्या आन्यांगला सापडलेल्या शकुनाच्या हाडांवर एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारलेली असते: फू हाओचं बाळंतपण शुभ होईल, फू हाओचं बाळंतपण शुभ होणार नाही. ही फू हाओ वू दिंग राजाची राणी, तिची कबर १९७६ मध्ये सापडली. राजाने तडा वाचून सांगितलं की दिंग दिवशी प्रसूती झाली तर चांगलं, गंग दिवशी झाली तर फारच शुभ (ही जुन्या चिनी पंचांगातली दिवसांची नावं). पुढे त्याच हाडावर निकालही कोरलेला आहे: ३१ दिवसांनी, ज्यायिन दिवशी प्रसूती झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. त्या शेवटच्या वाक्यातली मुलीबद्दलची नाराजी आज वाचवत नाही. पण राजाने सांगितलेले दोन्ही दिवस सोडून तिसऱ्याच दिवशी प्रसूती झाली, हे राजाच्याच हाडावर कोरून ठेवायला त्या कोरणाऱ्याला कुणी अडवलं नाही. विधान, वाचन, पडताळा. पहिल्या खंडातला क्लाइन नेमका याच क्रमाने चालतो.

पडताळ्यावरून अंधश्रद्धेचा मुद्दा येतो. ज्या कादंबरीत शकुन खरे ठरतात ती कोवळ्या वाचकाला बुवाबाजीकडे ढकलणार नाही का? महाराष्ट्रात हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, आणि उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांचं सरासरी यश भरलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के मिळाले असते. या चाचणीने नक्की काय केलं? भविष्य सांगणाऱ्याकडून आधी लेखी विधान घेतलं आणि मग निकालाशी ताडून पाहिलं. बुवाबाजी टाळते ती हीच गोष्ट. विधान सैल ठेवायचं आणि पडताळा ठेवायचाच नाही, यावर तिचं दुकान चालतं. कल्पित जगात लोलक फिरतो म्हणून कुणी फसत नाही. उलट विधान नेमकं लिहा, माहिती किती आहे ते आधी पाहा, उत्तर आल्यावर ते तपासा, ही सवय या कादंबरीइतक्या चिकाटीने लावणारं रंजक पुस्तक शोधून काढावं लागेल. क्लाइन स्वतः ज्या निष्कर्षाला पोचतो तोही हाच: शकुनाचा मान राखावा, त्याच्यावर विसंबून राहू नये.

आणि तो विसंबत नाही तरी हरतो. पहिल्या खंडाची सगळी ताकद यात आहे. टिंगेन शहरात योगायोग जरा जास्तच घडत आहेत हे त्याच्या लक्षात येतं. त्यांच्या मुळाशी काय आहे याचा शकुन तो पाहतो आणि त्याला दिसतं एक लाल धुराडं. उत्तर अचूक आहे. पण शहरात लाल धुराडी किती! तो खाजगी गुप्तहेराला पैसे देतो, तशा घरांची यादी करवतो, एकेक घर तपासत सुटतो. दुसऱ्या बाजूला ०-०८ या क्रमांकाची एक पिसाची लेखणी आहे. तिने लिहिलेलं घडतं, फक्त घटना एकमेकींशी तर्काने जुळाव्या लागतात. एकीकडे कारण शोधणारा शकुनकार, दुसरीकडे कारणं रचणारी लेखणी. याहून चांगली जोडी शकुनकथेला कोणती मिळणार? शेवटी क्लाइनचा वरिष्ठ कॅप्टन डन स्मिथ मरतो, क्लाइनही मारला जातो, आणि लाल धुराडं खरं असूनही वेळेत कामी येत नाही. त्याआधी म्हातारा नील गेलेला असतो, जो क्लाइनला गूढविद्येचे धडे देत होता. ऐकू नये ते ऐकू नकोस असं शिकवणारा हा माणूस, मेलेल्या प्रेयसीला परत आणण्याच्या ध्यासात स्वतःच ते ऐकत राहतो. नियम माहीत असून चुकणं ही माणसाची चूक आहे, ताकदीची नव्हे.

त्स्वो-झ्वान या प्राचीन चिनी इतिवृत्तात हीच गोष्ट इसवी सनापूर्वी ५३० सालच्या नोंदीत येते. नान क्वाय नावाचा अधिकारी बंडाच्या तयारीत शकुन पाहतो आणि त्याला ओळ मिळते, 'पिवळं अधोवस्त्र, परम शुभ'. तो हरखतो. दुसरा एक जाणकार त्याला सांगतो की हे वचन निष्ठेच्या कामाला लागू पडतं, एरवी नाही, आणि धोक्याच्या कटासाठी यीजिंग विचारूच नये. नान क्वाय ऐकत नाही. बंड फसतं. ओळ खोटी नव्हती, वाचणारा चुकला.

मग घसरण कुठे होते? क्लाइनजवळ राखाडी धुक्याच्या वरची एक गूढ जागा सुरुवातीपासून आहे. चार पावलं टाकायची की तो तिथे पोचतो. तिथे केलेल्या शकुनात बाहेरून ढवळाढवळ होत नाही. पहिल्या खंडात या जागेचं भान जपून ठेवलं आहे. पुढे मात्र ती रोजची सोय होते. कुठेही जायचं असो, कुणावर विश्वास टाकायचा असो, वस्तू हाती घ्यायची असो, आधी धुक्यावर जाऊन नाणं उडवायचं: 'यात धोका आहे का?' त्याच्या जोडीला धोक्याची पूर्वसूचना देणारी अंतःप्रेरणा येते, आणि नायक दाराशी पोचण्याआधीच दारामागे काही नाही हे वाचकाला कळलेलं असतं. यीजिंगमध्ये चौथ्या आकृतीखाली स्पष्ट म्हटलं आहे: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे अवमान, त्याला उत्तर नाही. त्यामागे व्यवहारही होता. यारो वनस्पतीच्या ५० काड्या, एक बाजूला, उरलेल्या ४९ दोन भागांत वाटायच्या, एक काडी बोटांत धरायची, चार-चारने मोजून बाकी काढायची. अशा तीन फेऱ्यांनी एक रेघ मिळते, सहा रेघांना अठरा फेऱ्या. एवढा खटाटोप असला की माणूस उठसूट विचारत नाही. जे विचारायचं ते आधी मनात घोळवतो. नाण्याच्या एका टिचकीवर उत्तर मिळू लागलं की प्रश्नच स्वस्त होतो. कादंबरीत नेमकं हेच झालं आहे.

चाहते यावर जे म्हणतात त्यात तथ्य आहे. धुक्यावरच्या शकुनालाही मर्यादा आहेत, देवतांच्या आणि देवदूतांच्या पातळीवरच्या गोष्टी दिसत नाहीत, पाहायला गेलं तर डोळे भाजून निघतात. पण मर्यादेची जात बदलली, हा माझा आक्षेप आहे. लाल धुराड्यापाशी क्लाइन अडला तो अर्थ पुरा लागला नाही म्हणून. नंतर तो अडतो ते समोरचा वरच्या पायरीवर आहे म्हणून, किंवा त्याच्याजवळ शकुन रोखणारी वस्तू आहे म्हणून. एका अडथळ्यावर विचार करावा लागतो, दुसऱ्यावर पुढचा काढा प्यायला की काम भागतं. आरोडेस नावाचा बोलका आरसा तर वाचकांचा लाडका. त्याची खुशामत, उत्तराच्या बदल्यात प्रतिप्रश्न करण्याचा त्याचा नियम, सगळं मजेदार आहे आणि ती मजा मीही नाकारत नाही. पण तो सरळ शब्दांत उत्तरं देतो. जिथे उत्तर सरळ मिळतं तिथे तडा वाचणाऱ्याला काम काय उरलं? क्लाइन धुक्यावर दर सोमवारी दुपारी तीन वाजता जी गुप्त बैठक भरवतो, त्या टॅरो-मंडळातही हेच होतं. क्लाइनसारखाच आपल्या जगातून तिथे गेलेला पूर्वीचा सम्राट रोझेल, त्याची रोजनिशी सोप्या चिनी लिपीत लिहिलेली, ती फक्त क्लाइनला वाचता येते. ही कल्पना पहिल्यांदा विलक्षण वाटते, पण दर बैठकीला तीन पानं आली की ती माहिती पुरवणारी खिडकी होऊन बसते.

आता लांबीचं. चीदियानवर २००३ पासून वाचक पैसे मोजून प्रकरणं वाचतात. दर हजार अक्षरांमागे काही फेन, म्हणजे युआनचे शंभरावे भाग. अशा बाजारात रोज दोन-तीन प्रकरणं देणाऱ्या लेखकावर फुगवण्याचा दाब येतो, हे खरंच आहे. कपाळावर भुवयांमधे दोनदा बोट टेकवून दिव्यदृष्टी चालू करणं, चार पावलं, सात उच्चार यांची पुनरुक्ती खटकते. पण हप्त्यांनी लिहिलं म्हणून साहित्य हलकं होत असेल तर मराठी कादंबरीचा पायाच उखडावा लागेल. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली. त्या संथपणातच यमूचं जग वाचकाच्या घरात दर आठवड्याला थोडं थोडं शिरत गेलं. डिकन्सने तर मासिक अंकांवर आयुष्य काढलं. हप्त्याचा दाब लेखकाला फुगवायला लावतो, तसा रमायलाही मोकळीक देतो. या कादंबरीतला रमण्याचा सर्वोत्तम नमुना दुसऱ्या खंडात आहे आणि 'पाल्हाळ' म्हणणारे नेमका तोच वगळायला सांगतात.

बॅकलंड नावाच्या महानगराच्या पूर्व भागात क्लाइन एका पत्रकाराबरोबर फिरतो, तेव्हा कथानक जवळजवळ थांबतं. धुणी धुऊन दोन मुली वाढवणारी लिव भेटते. कोहलर नावाचा म्हातारा भेटतो, जो वर्कहाउसमधून, म्हणजे गरिबांना राबवून आसरा देणाऱ्या घरातून, बाहेर पडून पुन्हा कामाला लागला आहे. नव्या वर्षाला चांगलं जेवण करायचं म्हणून तो हॅम (खारवलेलं डुकराचं मांस) घेऊन ठेवतो. मग शहरावर विषारी धुकं उतरतं. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनमध्ये कोळशाच्या धुराने हजारो माणसं मेली, त्याची आठवण इथे येतेच. कोहलर रस्त्यात कोसळतो, आणि त्याच्या मनात येतं ते हॅमचं. लिव आणि तिची थोरली मुलगी वाचत नाहीत. या मृत्यूंचा शकुन कुणी पाहिला नव्हता, कारण पूर्व भागातल्या म्हाताऱ्याबद्दल विधान लिहावं असं कुणालाच सुचलं नव्हतं. साधन हातात होतं, प्रश्न विचारला गेला नाही. पहिल्या खंडातली शकुनाची जाण इथे लोलक बाहेर न काढताही शाबूत आहे, आणि ज्यांना ही प्रकरणं भरताड वाटतात त्यांनी ती पुन्हा वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेवटच्या खंडांत ही जाण मला मोजक्या जागी सापडते. देवतांच्या पातळीवरच्या लढाया एकमेकींत मिसळतात. भूतकाळातून प्रतिमा ओढून आणण्याची शक्ती हाती आल्यावर कुठली गोष्ट अशक्य आहे हेच कळेनासं होतं, आणि शेवट घाईत आवरल्यासारखा वाटतो. तरीही १३९४ प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक धागा कुठेतरी परत येऊन बांधला जातो. रोज छापून सुटणाऱ्या, मागचं दुरुस्त करता न येणाऱ्या कथेत हे साधणं सोपं नाही, आणि त्याचं श्रेय लेखकाला मोकळ्या मनाने द्यायलाच हवं.

मालिका पुढे जाईल तेव्हा बॅकलंड येईल. १३ भागांत २१३ प्रकरणं बसवण्याचाच हिशेब तिथेही लावला तर पहिली कात्री लागेल ती लिववर आणि कोहलरवर, आणि धुक्यावर उडवलेली नाणी, आरसा, लढाया पडद्यावर राहतील. तेव्हा पुन्हा संथ की वेगवान असा वाद घालण्यापेक्षा कोहलरचा हॅम ठेवला की नाही, एवढं विचारलं तरी पुरे.